बारावा चमचा

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला याकोमिना हान्सेच्या खिडकीतला चांदीचा चमचा नाहीसा झाल्याचं उघड झालं, आणि पावणेअकराला ओस्टरनिसे गावाने चोर ठरवूनही टाकला. आमच्या गावाला फुटलेला बंधारा सांधायला वर्ष लागलं होतं. माणसाला नावं ठेवायला मात्र पाव तास पुरतो.

चमचा करंगळीएवढा. कॉफी ढवळायचा, पिळाच्या दांड्याचा, टोकाला निळ्या मिन्याचं फूल. दहा वर्षांपूर्वी, त्रेपन्नच्या फेब्रुवारीत समुद्राने गाव गिळलं, त्यानंतर नॉर्वेने आम्हाला लाकडी घरं पाठवली. याकोमिनाला मिळालेल्या घरापाठोपाठ बर्गनच्या नेशाइम कुटुंबाचं एक पुडकंही आलं. आजीच्या बारा चमच्यांच्या संचातला एक त्यांनी काढून पाठवला होता. ‘तुमच्या घरचं माणूस आमच्या टेबलाशी येऊन बसेल तेव्हा आमचे बारा पुरे होतील,’ असं आतल्या चिठ्ठीत होतं म्हणे. चिठ्ठी वाचून दाखवली बोगर्ट मास्तरांनी, कारण गावात इंग्रजी येणारे ते एकटेच.

तेव्हापासून चमचा याकोमिनाच्या खिडकीत, एका छोट्या पेल्यात उभा असे. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसे. पडदे ओढायची आमच्याकडे रीत नाही. ओढले तर लोक विचारतात, काय लपवताय. यंदा घरांना दहा वर्षं झाली म्हणून मेयरसाहेबांनी नेशाइमांना निमंत्रण दिलं होतं. शनिवारी ते अकरा चमचे घेऊन येणार आणि बारावा त्यांत ठेवून सगळ्या गावादेखत कॉफी प्यायची, असा बेत होता.

त्यासाठीच मेयरीणबाई मंगळवारी चमचा बघायला गेल्या, तर खिडकीत पेलाही नाही, चमचाही नाही. याकोमिना म्हणाली, “काल होता.” मेयरीणबाईंनी विचारलं, “सोमवारी तुझ्याकडे केरफरशीला कोण येतं गं?”

सोमवारी येते क्रिना स्लागर. वय एकोणीस, बाप मेंढ्या चोरून तुरुंगात जाऊन आलेला. आता गावाला आणखी पुरावा कशाला हवा?

मला हवा होता. मी इथली नर्स, डिना हूगरहाइडे. सायकलवरून घरोघर फिरून जखमा बांधते, बाळंतपणं करते आणि नको तितकं बघते. या क्रिनाला रॉटरडॅमच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगला घ्यावं म्हणून मी दोन वर्षं नाक घासलं होतं. जागा मिळाली होती. फक्त मेयरसाहेबांच्या सहीचा चारित्र्याचा दाखला शुक्रवारी दुपारी दोनच्या बोटीने जायला हवा होता.

मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी कोरा दाखला माझ्यासमोर टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला.

“सिस्टर, शुक्रवारपर्यंत चमचा आला तर सही करतो. नाही आला, तर तुमच्या क्रिनाने जन्मभर इथेच फरशा पुसाव्यात.”

२

क्रिना आपल्या घरामागे कोंबड्यांना दाणे टाकत होती. रडून झालं होतं तिचं.

“तूही विचार सिस्टर, चोरलास का म्हणून. सगळ्यांनी विचारलं.”

“मी विचारत नाही. सोमवारी काय काय केलंस ते सांग.”

“नेहमीचंच. फरशी, जिना, खिडकीची फळी.”

“फळी कशी पुसलीस?”

“फडक्याने, अजून कशाने? कुंड्यांच्या मागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत एका हातात.”

“मधे पेला होता ना?”

ती थांबली. “नव्हता. एरवी मी पेला उचलते, खाली पुसते, परत ठेवते. काल काही उचललंच नाही. मला वाटलं, पाहुणे येणार म्हणून काकूंनी उजळायला काढला असेल. पण काकू तर म्हणतात काल होता. मग मी खोटारडीच ना?”

“याकोमिनाने तुझं नाव घेतलं?”

“नाही. त्या नुसत्या खाली बघत होत्या. नाव मेयरीणबाईंनी घेतलं. मी काकूंकडे बघत राहिले, म्हटलं आता बोलतील, आता बोलतील.”

“आणि?”

“नाही बोलल्या.” तिने उरलेले दाणे एकदम ओतून टाकले. “सिस्टर, सही नाही झाली तर मी इथे नाही राहायची. कुठे जाईन माहीत नाही, पण नाही राहायची.”

मुलगी खरं बोलत असेल तर चमचा सोमवारच्या आधीच गेला होता. मग मी गावात विचारत फिरले, चमचा शेवटचा कधी पाहिला. सगळे म्हणाले, सोमवारी, अगदी डोळ्यांनी. दहा वर्षं रोज पाहिलेली वस्तू माणूस नंतर बघतच नाही, नुसती आहे असं धरून चालतो. त्यात मीही आले. आणि गावात एकच बाई अशी होती, जिला चमच्याकडे खरोखर बघायची सवय होती.

३

मेयरीणबाईंच्या बैठकीत भिंतीवर लाकडी मांडणी आहे आणि तिच्यात त्रेपन्न चमचे ओळीने टांगलेले आहेत. प्रत्येक सहलीचा एक. काहींवर किल्ले, काहींवर राजघराण्याची चिन्हं. बाईंनी मला कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

“तुम्ही याकोमिनाकडे तो चमचा मागितला होतात, म्हणे.”

“मागितला नाही, योग्य मोबदला देऊ केला होता. दोनदा. असली वस्तू संग्रहात शोभते. तिच्या खिडकीत माश्या बसायच्या त्यावर.” मग त्यांचा आवाज चढला. “तुम्ही माझ्यावर संशय घेता, सिस्टर? माझ्यावर?”

“चोरलेला चमचा भिंतीवर टांगता येत नाही, बाई. आणि टांगता येत नाही तो चमचा तुमच्या काय कामाचा?”

हे त्यांना पटलं. अपमान झाला की सुटका झाली ते न कळून त्यांनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण पुन्हा उघडलं. मी विचारलं, “खरंखरं आठवून सांगा, शेवटचा कधी दिसला?”

“मागच्या मंगळवारी. तेव्हा निळ्या फुलाचा एक टवका उडालेला पाहिला मी. रविवारी चर्चहून येताना पुन्हा बघणार होते, पण...” त्या अडखळल्या. “खिडकीत जिरेनियमची कुंडी पुढे ओढलेली होती. तिच्याआड काही दिसेना.”

याकोमिनाच्या कुंड्या दहा वर्षं जागच्या हललेल्या नाहीत. बाहेरच्या चोराला कुंडी पुढे ओढायची गरज काय? चमचा नाही हे लपवायची गरज एकाच माणसाला होती, आणि त्या माणसाच्या पायाची पट्टी मला दुसऱ्याच दिवशी, बुधवारी बदलायची होती.

४

याकोमिना बावन्न वर्षांची आहे, दिसते सत्तरची. पुरात तिचा नवरा गेला, चौदा वर्षांचा मुलगा गेला आणि सात वर्षांची नेला गेली. ही एका पत्र्याच्या छपरावर उरली. पायाची जखम तेव्हाची, अजून वाहते. नवरा आणि मुलगा सापडले. नेला सापडलीच नाही. बंधारा फुटला तिथे समुद्राने जे खोल तळं करून ठेवलं, त्यात ती असेल असं सगळे धरून चालतात, पण बोलत कोणी नाही.

“क्रिना चांगली पोर आहे,” पाय स्टुलावर ठेवत ती म्हणाली. मी काही विचारायच्या आतच.

“मग तसं मेयरसाहेबांना सांग की.”

ती खिडकीकडे बघत राहिली. मी पट्टी बांधली आणि पाणी पिते म्हणून कपाट उघडलं. वरच्या फळीवर तो छोटा पेला होता. लख्ख धुतलेला, पुसलेला, उपडा. चोर चमचा नेईल, पेल्यासकट नेईल, पण पेला धुऊन कपाटात ठेवणार नाही.

हात धुवायला मी संडासात गेले. वाढदिवसांचं कॅलेंडर सगळ्यांचं असतं तिथेच याकोमिनाचंही आहे, दाराच्या आतल्या बाजूला. दर बुधवारी मी ते बघते. तिथे दुसरं बघायला आहे काय? नवऱ्याच्या नावापुढे क्रूस, मुलाच्या नावापुढे क्रूस, शाई उडून तपकिरी झालेली. जानेवारीत, जन्मसालासकट, ‘नेला, ४६’. तिच्यापुढे क्रूस कधीच नव्हता. मी मनाशी म्हणत आले होते, सापडली नाही, आईचा हात धजला नसेल.

आज नेलाच्या नावापुढे क्रूस होता. बॉलपेनचा, निळा, ताजा. मागच्या बुधवारी तो नव्हता.

दहा वर्षांपूर्वी बुडालेली मुलगी या आठ दिवसांत कशी मेली? मी कॅलेंडरची पानं उलटली. सप्टेंबरच्या नऊ तारखेपुढे, याकोमिनाच्याच अक्षरात, एक नाव होतं: ‘राग्नहिल्ड, ४६’. हे नाव मी शंभर वेळा वाचलं असेल आणि कोणी लांबची भाची समजून सोडून दिलं असेल. पण असलं नाव आमच्याकडे नसतं. नॉर्वेत असतं. आणि परक्या देशातल्या पोरीचा वाढदिवस आपल्याला तेव्हाच कळतो, जेव्हा ती आपल्याला पत्र लिहिते.

याकोमिनाला इंग्रजीचं अक्षर येत नाही.

५

बोगर्ट मास्तर चर्चच्या पंचांपैकी एक. खोटं बोलणाऱ्या पोराला ते तासभर उभं करतात. शाळा सुटल्यावर मी गेले तेव्हा ते वर्गातल्या टपाल तिकिटांच्या वहीत मुलांनी चिकटवलेली तिकिटं सरळ करत होते. मी वही पुढे ओढली. नॉर्वेचं पान भरून वाहत होतं.

“एवढी तिकिटं कुठून मिळतात, मास्तर?”

“नगरपालिकेला पत्रं येतात तिकडून.”

“वर्षाला एक येतं. ही चाळीसच्या वर आहेत.”

त्यांनी एक तिकीट उगाच पुन्हा दाबून बसवलं. मी म्हटलं, “मागच्या बुधवारी शाळेला अर्धी सुट्टी होती, तेव्हा तुम्ही बसने झिरिक्झे शहरात गेलात. कशाला?”

“डोळे दाखवायला.”

“डोळ्यांचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात. गावातल्या सगळ्यांचे नंबर मीच लावते, मास्तर. तुम्ही पोस्टात गेला होतात. इथलं पोस्ट टाळून, कारण इथे पार्सलवरचा पत्ता साऱ्या गावाने वाचला असता. नॉर्वेचा पत्ता. आत चमचा होता.”

त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला.

“पूर आल्यावर पहिल्या आठवड्यात घरांसाठी यादी केली होती ना,” ते म्हणाले, “तेव्हा आपण नेलाला शोधत होतो. यादीत ती जिवंतांतच राहिली. ती यादी नॉर्वेला गेली. नेशाइमांची मुलगी तिच्याच वयाची, म्हणून त्यांनी चमचा नेलाच्या नावाने पाठवला. आमच्या राग्नहिल्डच्या नव्या मैत्रिणीला, असं लिहून. मी खरं कळवायलाच बसलो होतो. याकोमिना म्हणाली, आधी आभार माना, बाकीचं पुढच्या पत्रात लिहू.”

“आणि?”

“आणि पुढचं पत्र आलं, इथेच शाळेच्या पत्त्यावर. पोरीने विचारलं होतं, तुला मांजर आवडतं का?” त्यांनी चष्मा काढला. “मांजर आवडायचं हो नेलाला. मी काय लिहिणार होतो?”

६

त्याच संध्याकाळी मी पुन्हा याकोमिनाकडे गेले. सारवासारव केली नाही.

“किती पत्रं झाली?”

“त्रेचाळीस.” तिने नाकारायचा प्रयत्नही केला नाही. “राग्नहिल्डला नववीत गणित जड गेलं, डिना. मागच्या वर्षी बोटीवरच्या एका मुलाशी जमलं होतं, ते मोडलं. मला... म्हणजे नेलाला सगळं लिहायची. नेलाही लिहायची. ती चौदा वर्षांची झाली, सोळाची झाली. शिवणकाम शिकली. मास्तर म्हणायचे, याकोमिना, पुरे आता. पण मी रोज उठून तिने काय केलं असतं याचा विचार करायचे, आणि तीन महिने सरले की ते लिहायला सांगायचे.”

“मग मेयरसाहेबांनी निमंत्रण धाडलं.”

“मला न विचारता. राग्नहिल्ड येणार, नेलाला भेटणार. कोणाला भेटवू मी?” तिचे हात मांडीवर पडले होते. “मग मास्तरांकडून लिहून घेतलं. नेला न्यूमोनियाने गेली, दफन झालं, येऊ नका, तुमचा चमचा तुमच्या अकरांत ठेवा. घरी आले आणि कॅलेंडरवर क्रूस काढला. पहिल्यांदा ती गेली तेव्हा समुद्राला शिव्या देता आल्या. या वेळी मीच मारलं तिला, टेबलाशी बसून.”

मला तिचा हात धरायचा होता. पण शुक्रवार दोन दिवसांवर होता.

“आणि क्रिना?”

“मेयरीण एकदम दारात उभी राहिली. तोंडातून ‘काल होता’ निघून गेलं. मला नव्हतं गं तिला अडकवायचं.”

“मग उद्या जा आणि सांग, माझ्याच हातून हरवला. बाकी एक शब्द सांगू नकोस. पार्सल पोचलं असेल, ते काही आता येत नाहीत. पोरीची सही होऊ दे.”

ती गुरुवारी सकाळी काळा पोशाख घालून, पाय ओढत नगरपालिकेत गेली. मी बाहेर थांबले होते. दहा मिनिटांनी ती बाहेर आली ती रित्या हाताने.

“म्हणाले, याकोमिना, तू देवमाणूस आहेस. चोरीचा आळही स्वतःवर घेतेस. पण असल्या पोरीला पाठीशी घालू नकोस.”

आयुष्यभर चांगलं वागल्याचं हे फळ. एकदाच खऱ्याच्या जवळपास काही बोलली, तर कोणी ऐकून घेईना.

७

शुक्रवारी दुपारी सव्वा वाजता मेयरसाहेब स्वतः सायकलवरून माझ्या दारात आले. हातात तार होती, बोटीच्या कप्तानाकडून वाचून घेतलेली.

“सिस्टर, हे काय आहे? नेशाइम निघालेत, उद्या पोचतायत. लिहिलंय, नेलाच्या कबरीवर फुलं वाहायची आहेत. कुठली कबर? नेला हान्सेची कबर नाही हे तुम्हाला माहीत, मला माहीत. त्यांना कोणी सांगितलं आहे म्हणून?”

पंचेचाळीस मिनिटं होती. मी गप्प राहिले असते तर याकोमिनाचं गुपित आणखी एक रात्र टिकलं असतं, आणि उद्या दुपारी तसंही फुटलं असतं. पण आज बोटीने दाखला गेला नसता. असं मी स्वतःला समजावलं. हिशेब बरोबरच होता. तरी हा हिशेब मी याकोमिनाला विचारून केलेला नाही, हे सांगताना मला कळत होतं.

मी सगळं सांगितलं. पेला, कुंडी, क्रूस, बुधवारची बस, त्रेचाळीस पत्रं. मेयरसाहेब माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ टोपी फिरवत राहिले.

“दहा वर्षं,” ते म्हणाले. “आणि मी हौसेने निमंत्रण पाठवलं.”

“दाखला, साहेब.”

नगरपालिकेत जाऊन त्यांनी खण उघडला आणि सही केली. दोनला पाच मिनिटं कमी असताना क्रिनाने लिफाफा बोटीवरच्या टपालाच्या थैलीत टाकला. मला मिठी मारून तिने विचारलं, “सिस्टर, चमचा सापडला? कुठे होता?” मी म्हटलं, “तुला कळेल.” मेयरसाहेबांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं असणार. संध्याकाळपर्यंत क्रिनालाही कळलं आणि ती माझ्याकडे आली. दारातच उभी राहिली.

“तुम्ही काकूंना विकलंत माझ्यासाठी,” ती म्हणाली. एरवी मला ती ‘तू’ म्हणते.

८

शनिवारी बोट आली तेव्हा धक्क्यावर सारा गाव होता आणि कोणीही बोलत नव्हतं. बँडवाल्यांनी वाद्यं खालीच ठेवली होती. राग्नहिल्ड नेशाइम बापाबरोबर उतरली. उंच, सतरा वर्षांची होत आलेली, काळा कोट, हातात पांढरी फुलं. बापाच्या हातात चमच्यांची चपटी पेटी होती.

याकोमिना पुढे झाली. मुलीने तिला पाहताक्षणी ओळखलं, फोटो गेले होते ना. तिने याकोमिनाला घट्ट धरलं आणि दोघी रडल्या. त्या वेळी कोणी मला म्हटलं असतं की इथेच जग थांबवता येतं, तर मी थांबवलं असतं.

मग तिने विचारलं, कबर कुठे आहे. मास्तरांनी याकोमिनाकडे बघितलं. ती म्हणाली, “सांगा.”

मास्तर बराच वेळ बोलले. मला इंग्रजी समजत नाही, पण मुलीच्या चेहऱ्यावर कुठलं वाक्य कुठे पोचलं ते दिसत होतं. ती मधेच एकदा हसली, आपण काही चुकीचं ऐकलं असं वाटल्यासारखी. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला.

“काय म्हणते?” याकोमिनाने विचारलं.

मास्तरांनी भाषांतर केलं. “म्हणते, माझी सगळी गुपितं मग कोणाला माहीत आहेत?”

याकोमिनाने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मुलगी तिच्याकडे बघत मागे सरकली, एक पाऊल, मग दुसरं. बाप तिला काही तरी समजावत होता. तिने फुलं धक्क्याच्या दगडावर ठेवली, फेकली नाहीत, आणि पुन्हा बोटीत जाऊन पाठ करून बसली. कॉफीचे कप हॉलमध्ये मांडलेले तसेच राहिले. त्याच बोटीने क्रिनाही गेली, रॉटरडॅमला. निरोपाचा हात तिने आईला केला, मला नाही.

पुढच्या बुधवारी मी याकोमिनाची पट्टी बदलायला गेले. आम्ही दोघी नेहमीसारख्या बसलो, पाय स्टुलावर, पाण्याचं भांडं खाली. जखम भरत नव्हती. ती आता भरणारही नाही.

“डिना, तू माणसं पुष्कळ बघितलीस,” ती म्हणाली. “ती लिहील का कधी? रागाने का होईना?”

माझ्यापाशी दोन उत्तरं होती. त्यातलं गोड उत्तर या घरात दहा वर्षं चाललं होतं.

“नाही,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. “मलाही तसंच वाटतं,” ती म्हणाली, आणि मला पट्टी नीट बांधता यावी म्हणून पाय थोडा वर उचलून धरला.